गिधाडीवरचा पितळी डबा

अड्याळ, जि. भंडारा
१५ जानेवारी २०२३

श्री. अश्वजित यांस,

सप्रेम लिहीत नाही, नुसता जय भीम घ्यावा.

कामापुरतं लिहिते. आईची तब्येत बरी नाही. नोव्हेंबरात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. भंडाऱ्याला बारा दिवस ठेवली होती, आता परत माझ्याकडे आणली आहे. तिला सगळं समजतं. तोंड वाकडं झाल्यामुळे बोलणं मात्र कान देऊन ऐकावं लागतं. डॉक्टर म्हणाले, आहेत ते दिवस तिचे समजा, जवळच्या लोकांना भेटवून घ्या. जवळचे म्हणजे मी, माझी करुणा आणि तुम्ही. मुलगा म्हणून तिला तुम्ही एकच आहात, म्हणून कळवणं माझ्याकडे आलं.

ती रोज तुमचं नाव काढते. सकाळी पेज भरवताना एकदा आणि दिवे लागले की एकदा.

करुणाचे बाबा, आनंदराव, गेले तेव्हा मी तुम्हाला जे बोलले ते मागं घेत नाही. माझ्या दारात पाय ठेवायचा नाही, असं म्हटलं होतं. परंतु आई त्याच दाराच्या आत पडली आहे, त्याला माझा इलाज नाही. तिच्यापुरतं यावं, भेटावं, आणि मुक्कामाला शहापूरच्या आपल्या जुन्या घरी जावं. घर बंद आहे, पण राहण्याजोगं आहे.

करुणा आता एकवीस वर्षांची झाली. भंडाऱ्याला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी घरी येते. तिच्याशी बोलायला जाऊ नये. बापाच्या मरणाला मामा कारण झाला, हे तिच्या मनात पक्कं बसलं आहे. तुमचा फोन नंबर तिच्याच मोबाईलमध्ये आहे, तो तिलाच मागावा लागला असता, म्हणून हे पत्र. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नये.

तिकडे थंडी आहे का, असं आईनं विचारायला सांगितलं, म्हणून विचारलं.

रत्नमाला


अड्याळ
१९ फेब्रुवारी २०२३

अश्वजित,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्या, अन् त्यातल्या दोन मले टोचायसाठी. "आईनं बोलावलं की तू बोलावलं?" हे काय विचारणं झालं? आईले उठून बसता येत नाही, मग लिहिणार कोण? तू लहानपणापासून असाच आहे. ताटात वाढलं तरी विचारशील, कोणी वाढलं.

मागच्या पत्रात अहो-जाहो केलं. ते आता जमत नाही. तुले नाक पुसायले मी शिकवलं.

दुसऱ्या ओळीत तू म्हणतो, "ताई, मी डब्यात खायचं काही ठेवलं नव्हतं. सात वर्षं झाली, रोज मनातल्या मनात तो डबा उघडतो. वही, पेन्सिल, शिट्टी, मेंढीचं चित्र असलेली किल्लीची साखळी, निळी फीत. एवढंच होतं. तू तरी पाहिलं होतं ना?"

मले काय विचारतो? खेळ तुझा, डबा तुझा. मी अंगणवाडीची बाई, मले लेकरांची वजनं लिहिता येतात. तुझ्या डब्यातल्या वस्तू मी काहून लक्षात ठेवू?

अन् तुले विसर पडला असेल तर आठवून देते. २०१५ च्या डिसेंबरात तू आला. इतक्या वर्षांनी आला, अन् आणलं काय, तर मोबाईलमधले पहाड्यांचे फोटो. वेल्सचे, तू राहतो तिथले. आम्ही सगळे ओट्यावर बसून पाहून राहिलो होतो. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं ओलं गवत अन् मेंढ्या. शेजारची शकुनबाई म्हणे, "व माय, ह्या पहाडीची हजामत कोनं केली?" करुणाचे बाबा हसून हसून खोकलले होते. तू सांगे, सुट्टीच्या दिवशी तू त्या पहाड्या चालतो, अन् कोणी दगडाखाली लपवलेला डबा मोबाईलवरच्या आकड्यांवरून शोधतो. सापडला की आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, अन् डबा होता तसा लपवून निघायचं. पुढचा माणूस येऊन तेच करते. "मंग भेटते काय?" आईनं विचारलं. तू म्हणाला, "काही नाही आई, चालणं होते." आई म्हणे, "चालाले सातासमुद्रापार गेला काय बाप्पा?"

सगळे हसले. मी नाही हसली. मले तेव्हाच वाटलं की तिथं तुझं कोणी नाही. दगडाखाली दुसऱ्यांची नावं वाचत हिंडणारा माणूस सुखाचा कसा असेल?

पण करुणाचे बाबा वेडे झाले तुझ्या खेळानं. लाईनमन माणूस, खांबावर चढून चढून जमिनीवर त्यांना करमत नव्हतं. तुम्ही दोघांनी जानेवारीत गिधाडीच्या पहाडीवर, वरच्या कपारीत डबा ठेवला. त्याची जागा तू त्या खेळाच्या साइटवर टाकली अन् परत गेला. अन् ते दर रविवारी चढू लागले. नागपूरचे पोट्टे मोटारसायकली घेऊन येत, नावं लिहून जात. हे घरी येऊन सांगत, "आज दोन नावं वाढली." शाळेत लेकराचा नंबर आल्यासारखे सांगत. करुणा चौदाची होती, तिलेही दोनदा घेऊन गेले.

मग एप्रिलच्या नऊ तारखेला नागपूरच्या कोणी साइटवर लिहिलं की डबा जागेवर दिसत नाही, माती उकरली आहे. तू त्याच संध्याकाळी फोन केला. "भाऊजी, उद्या जरा पाहून या ना." तू सांगितलं अन् ते गेले. रविवारी सकाळीच, चहा पिऊन. मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत सकाळी पहाडीवर एकट्यानं जाऊ नये, अस्वल मोहावर येते, हे आमच्याकडे पाळण्यातलं लेकरू जाणते. तुले माहीत नव्हतं? तू इथंच जन्मला ना?

शकुनबाई खाली मोह वेचत होती. तिनं आवाज ऐकला. बायकांनी टिनं वाजवली, ओरडल्या, तेव्हा अस्वल हटलं. खाली आणलं तेव्हा चेहऱ्यावरून मी त्यांना ओळखलं नाही. करंटनं जळलेल्या बोटावरून ओळखलं. भंडाऱ्याच्या वाटेतच गेले. गावात जयंतीची निळी तोरणं लावून झाली होती, ती तशीच राहिली, कोणी काढेना अन् कोणी त्यांच्याखाली उभं राहीना.

टेकचंद, आमच्या भागाचा वनरक्षक, पंचनाम्याले आला. म्हणे, "वयनी, डब्यात खायचं होतं काय? झाकणावर दाताच्या खुणा हायेत." मी म्हटलं, भावाले विचारा, डबा त्याचा. गावानं त्यावरून ठरवून टाकलं की तू परदेशी चॉकलेटं भरली होती. मी कोणाले चॉकलेट म्हटलं नाही. अन् तुले फोनवर जे बोलली ते सगळ्यांसमोर बोलली. "तुझ्या खेळानं माझा माणूस खाल्ला. इथं पाय ठेवशील तर तुझी बहीण मेली समज." आई बाजूले होती. तिनंही मान हलवली. करुणानं ऐकलं.

आता तू ठरव. आई वाट पाहून राहिली आहे. डब्यात काय होतं ते मले माहीत नाही.

ताई


अड्याळ
२० मार्च २०२३

आशू,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पोस्टमननं अंगणवाडीत दिलं. मी लेकरांना खिचडी वाढून राहिली होती, तशीच उभ्यानं वाचलं. "डब्यात काय होतं एवढं सांग, मिळेल त्या विमानानं येतो. नाही सांगितलं तर येऊन आईच्या डोळ्यात कसं पाहू? ताई, आता मला स्वतःवरच भरवसा नाही. वाटायला लागलं आहे की मीच काहीतरी ठेवलं असेल आणि विसरलो असेन."

ही शेवटची ओळ वाचली अन् माझ्या हातातला डाव खाली पडला.

तू नाही ठेवलं. मी ठेवलं. मोहाचे लाडू. पाच होते.

मागच्या पत्रात मी तुले सगळं सांगितलं अन् मधला एक आठवडा गाळला. त्या मार्चमध्ये अवकाळी पाणी पडलं. तुझ्या प्लास्टिकच्या डब्याची एका बाजूची कडी तुटली अन् आत पाणी गेलं. करुणाचे बाबा डबा घरी घेऊन आले. वही मी ओट्यावर वाळवली, पानापानात खडा ठेवून. अन् म्हटलं, हा तुटका डबा काहून नेता, माझा पितळी घेऊन जा. भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेला, तो कडीचा. ते म्हणे, "वा, भंडाऱ्याच्या पहाडीवर भंडाऱ्याचं पितळ." खूश झाले.

आता माझ्या घरातलं भांडं बाहेर निघालं, ते रिकामं कसं जाईल? तुले आठवते ना आईची शिस्त? शेजारची वाटी परत करायची तर तिच्यात काही नाही तर चिमूटभर साखर. एकदा तू शेजारणीची दुधाची गंजी तशीच रिकामी देऊन आला होता, तर आईनं तुले गूळ घेऊन परत पाठवलं होतं. मले तर तुझा खेळ त्याच्यामुळेच समजला होता. घेतलं तर ठेवायचं. मी म्हटलं, हे तर आपलंच आहे, यात इंग्रजांचं काय? वही, पेन्सिल अन् शिट्टी ठेवून डबा भरते काय? पोट्टे नागपूरहून उन्हात येतात, चढून दमतात. त्यांच्या तोंडात काही गोड पडावं. मोह भाजला, कुटला, तीळ-गूळ घातला, लाडू वळले. एवढंच होतं मनात.

अन् तू सांगितलं होतं. ओट्यावर, सगळ्यांसमोर. "ताई, खायचं काही ठेवायचं नाही, जनावर येते." मी ऐकलं होतं. मी मनात म्हटलं, तुझ्याकडच्या मेंढ्या खात असतील, इकडं पितळी डबा कोण उघडते? शहाणी ना मी. अस्वल मोहावर येते हे पाळण्यातलं लेकरू जाणते, असं तुले मागच्या पत्रात सुनावलं. त्याच मोहाचे लाडू मी त्याच दिवसांत कपारीत ठेवायले दिले. करुणाच्या बाबांनी ३ एप्रिलच्या रविवारी नेऊन ठेवले. आठ दिवसांत त्या जनावराले जागा समजली. तुझा फोन नसता आला तरी पुढच्या रविवारी ते चढलेच असते.

तेराव्या दिवशी टेकचंदनं वही आणून दिली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर यांचं अक्षर होतं. "३ एप्रिल २०१६. डबा बदलला. आमच्या घरून लाडू ठेवले आहेत. एक घ्यावा, मागून येणाऱ्यासाठी बाकीचे ठेवावे. आनंदराव, लाईनमन." मी ते पान फाडलं. चुलीपर्यंत नेलं. जाळता आलं नाही, अक्षर त्यांचं होतं. पेटीत साडीच्या घडीत ठेवलं. ते या पत्रासोबत तुले पाठवते. कोणाले दाखवायचं असेल तर दाखव, तुझा हक्क आहे.

तू विचारशील, तेव्हाच काहून नाही सांगितलं. टेकचंद विचारून राहिला होता तेव्हा करुणा माझ्या पदराले धरून उभी होती. चौदा वर्षांची पोर, बाप नुकताच झाकून ठेवलेला. तिच्यासमोर मी म्हणू काय, की तुझ्या मायच्या लाडवानं गेला? तोंडातून निघालं, भावाले विचारा. एकदा निघालं अन् मग मागं घ्यायचा दिवसच आला नाही. तू लांब होता. तुझा चेहरा मले पाहावा लागत नव्हता. करुणाचा रोज पाहावा लागत होता.

अजून एक आहे. आता लिहायले बसलीच आहे तर तेही घे. तू दर वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या सुमाराले आईले पत्र पाठवत होता. सात पत्रं आली. पोस्टमन माझ्याजवळ देत होता. एकही मी आईले दिलं नाही. पहिलं फोडून पाहिलं, त्यात तू लिहिलं होतं की मी डब्यात काही ठेवलं नव्हतं. ते आईनं वाचलं असतं तर तिनं मले विचारलं असतं, अन् आईसमोर माझं खोटं टिकत नाही. म्हणून बाकीची न फोडताच ठेवली. आई विचारे, "आशूचं काही आलं काय?" मी नाही म्हणे. एकदा म्हणे, "इसरला असन बिचारा." मी म्हटलं, हो.

तुझा पत्ता मले तोंडपाठ आहे, तो या पाकिटांवरून.

आता ये. आईचं खाणं कमी झालं आहे, दोन चमचे घेते अन् मान फिरवते. करुणाले मी अजून काही सांगितलं नाही. तू आला की दोघं मिळून सांगू, असं मनात येते. पाहा कशी आहे मी, इथंही तुलेच आडोशाले घेते.

ताई


अड्याळ
१६ एप्रिल २०२३

आशू,

आई गेल्याचं करुणानं तुले फोनवर सांगितलं. तू तिले म्हणाला, "ताईचं पत्र कालच मिळालं. तिकीट पाहून राहिलो होतो." तेव्हापासून ते 'कालच' माझ्या डोक्यातून जात नाही. जानेवारीत खरं लिहिलं असतं तर तू फेब्रुवारीत आईजवळ बसला असता. फेब्रुवारीत लिहिलं असतं तरी मार्चात पोचला असता. मी पत्रं लिहीत बसली, तुले टोमणे मारत बसली.

करुणानं तुले आई कशी गेली ते सांगितलं नसेल. मी तिले तसं विचारलं नाही, पण मले वाटते ते मीच सांगावं.

एप्रिलच्या एक तारखेले, शनिवारी, मी आईले पेज भरवून राहिली होती. आईनं विचारलं, "आशूले काहून नाही बलावत?" मी म्हटलं, बोलावलं, लिहिलं. "मंग येत काहून नाही?" मी चमचा वाटीत ठेवला. तुझ्या येण्याची वाट पाहायची होती मले, तुझ्या पाठीमागं उभं राहून सांगायचं होतं. पण आई अशी पाहून राहिली होती की खोटं बोलायची ताकदच राहिली नाही. मी लाडवाचं सांगितलं. सगळं सांगितलं, पितळी डबा, पान, टेकचंद.

अन् तरी माझी जीभ पाहा. शेवटी मी म्हटलं, "रिकामं भांडं पाठवू नये, हे तूच शिकवलं होतं ना?" मरणाच्या दारातल्या मायवर ढकलून पाहिलं मी.

आईनं वाटीतल्या चमच्याकडं पाहिलं. मग म्हणे, "ते मानसाच्या घराचं होतं व बाई. पहाडीवर कोनाचं घर?" अन् थोड्या वेळानं, "झालं. चुकीनं झालं. होते मानसाच्यानं."

मले रडू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा मोकळं रडू आलं. मले वाटलं, सुटली मी. आशू, तिथंच थांबली असती तर आई माझ्यावर हात ठेवून गेली असती, हे मले पक्कं माहीत आहे. पण आता काहीच मागं ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उठली, पेटी उघडली, अन् तुझ्या पत्रांचा गठ्ठा आणला.

"हे कायचे कागद?"

"आशूची पत्रं."

"कितीक?"

"सात."

तिनं उजवा हात पुढे केला. एकेक करून सातही पोटावर ठेवून घेतली. मी मागं वळली तर करुणा दारात उभी होती. केव्हाची उभी होती ते मले माहीत नाही. तिचा चेहरा पाहून समजलं की लाडवापासून ऐकलं आहे. आई तिले म्हणे, "पोरी, वाच."

करुणानं वाचायले घेतलं. दुपारपासून दिवे लागेपर्यंत वाचत होती. मी कोपऱ्यात बसली. तू काय काय लिहिलं होतं ते मलेही तेव्हाच समजलं. पाचव्या पत्रात तू लिहिलं होतं की तिकडच्या एका पहाडीवर तू एक डबा आईच्या नावानं ठेवला आहे. खेळाच्या साइटवर त्याचं नाव तुळसा आहे, अन् चाळीस लोकांनी येऊन वहीत नाव लिहिलं. ते पत्र आईनं दोनदा वाचायले लावलं. विचारलं, "त्याच्यात ठेवलं काय?" करुणानं पाहून सांगितलं, "वही, पेन्सिल, अन् निळी फीत." आई म्हणे, "बस तं."

शेवटचं पत्र वाचून झालं. आईचे ओठ सुकले होते. मी पेल्यात पाणी घेऊन गेली. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"आई, पाणी."

"करुणाले दे म्हणा."

"आई, मी आहे ना."

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंड वाकडं होतं, पण शब्द सगळे समजले. "लाडू चुकीनं झालं. हे तं तू सात वर्ष रोज केलं. मी पोराले इसरल्याची शिवी देत रायली, अन् तू आयकत रायली."

त्यानंतर माझ्या हातचं तिनं पाणी घेतलं नाही. पेज नाही, औषध नाही. मी खोलीत गेली की डोळे मिटे. करुणा भरवी, तिच्या हातचं दोन घोट घेई. चार दिवस असं चाललं. बुधवारी सकाळी करुणाच्या मांडीवर गेली. मी ओट्यावर होती. आतून करुणानं हाक मारली नाही, मीच समजली.

आठव्या दिवशी विहारात जलदान विधी झाला. भन्तेजींचं झाल्यावर दोन शब्द बोलायले लोक उठले, आई अशी होती, तशी होती. मग मी उठली. सगळ्यांना वाटलं आईबद्दल बोलते. मी म्हटलं, गिधाडीवरच्या डब्यात माझ्या भावानं काही ठेवलं नव्हतं, लाडू माझे होते, अन् आईले आलेली त्याची पत्रंही मीच दाबली. ज्यांनी सात वर्षं परदेशी चॉकलेट, परदेशी चॉकलेट केलं, ते सतरंजीचे धागे ओढून राहिले होते. टेकचंद आला होता. बाहेर चपला घालताना म्हणे, "वयनी, मले तवाच ठाऊक होतं. वही मीच वाचून देल्ली होती. म्हणलं, तुमचं तुमी पाहून घ्यान." त्यालेही कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तोही सात वर्षं बोलला नाही. शकुनबाई माझा हात धरून म्हणे, "अस्वल तं मोहावर येतेच व रत्ना, लाडू असो का नसो." ती मायेनं म्हणे. पण मोह खाली पडते, कपारीत पडत नाही, हे तिले माझ्याहून जास्त माहीत आहे.

विधीचं पाणी करुणानं ओतलं. मी त्या भांड्याले हात लावला नाही.

करुणा घरीच आहे. परीक्षा आहे तिची, घरी अभ्यास करून राहिली आहे. रांधते, माझं ताट वाढून झाकून ठेवते, अन् पुस्तक घेऊन ओट्यावर जाऊन बसते. बापाबद्दल मले एक शब्द बोलली नाही. रागावली असती, भांडली असती, भांडी आपटली असती तर मले समजलं असतं. फक्त परवा म्हणाली, "मामाले मी काय काय बोलली, ते तू ऐकत बसली." आईनं जे म्हटलं तेच ते. तिनं तुले फोन केला तेव्हा तुझी माफी मागितली का, ते मले सांगत नाही. मागितली असेल. तिच्या बापासारखी सरळ आहे ती.

मी तुझी माफी मागत नाही. तुझी नोकरी, तुझी सुट्टी, तुझं एकटं राहणं, त्या ओल्या पहाड्यांवर सात वर्षं डबा उघडून पाहणं, हे मी कोणत्या तोंडानं माफ कर म्हणू? आई होती तेव्हा तुले 'आईसाठी ये' म्हणता येत होतं. आता ती आड नाही. म्हणून पहिल्यांदा सरळ लिहिते. आई नाही बोलावत, मी बोलावते. नाही आला तरी मी समजेन, अन् गावाले सांगेन की त्याचं बरोबर आहे.

आला तर शहापूरले उतरू नको, इथंच ये. तुझी सातही पत्रं करुणाजवळ आहेत. अन् माझ्या हातचं पाणी तुलेही नको वाटलं, तर सांगायची गरज नाही. करुणा आणून देईल, मी अंगणवाडीत जाऊन बसेन.

ताई